राखीव हवा कोठे बांधावी?



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर इतिहास, काव्य, अर्थकारण, अध्यात्म असे विषय शोभतात. आमचा विषय कळला तेव्हा चिटणीसांनी आधी आमच्याकडे पाहिले, मग हातातील कागदाकडे पाहिले, आणि विचारले, "हे असेच छापायचे ना?" आम्ही म्हटले, असेच छापा. विषय एवढाच आहे की, पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली जाणाऱ्या माणसाने संकटासाठी जी जादा हवा न्यावयाची, ती किती न्यावी, कशात न्यावी आणि अंगावर कोठे बांधावी.

आमचे शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढची शाळा गोदीची, आणि त्यापुढची सार्वजनिक वाचनालयाची. आम्ही पाणबुडे नव्हे, हेही प्रथमच सांगून टाकतो. तीस वर्षे आम्ही बंदरातील कामगारांची संघटना बांधण्याचे काम करीत आहोत. आमच्या सभासदांत हमाल आहेत, क्रेनवाले आहेत, रंगारी आहेत, तसे थोडे पाणबुडेही आहेत. जहाजाच्या पंख्यात गुंतलेला दोर कापणे, तळावर वाढलेले शेवाळ आणि शिंपले खरवडणे, पडलेला नांगर शोधणे, धक्क्याखालचे खांब चाचपून पाहणे, ही त्यांची कामे. काही वर्षांपूर्वी ही मंडळी आमच्याकडे आली व म्हणाली, "दादा, ठेकेदाराकडे जादा हवेची मागणी करायची आहे. पत्र लिहा." आम्ही कागद पुढे ओढला, तारीख घातली, आणि विचारले, "नेमके काय मागायचे?" सहा माणसांची सहा उत्तरे आली.

आता मागणाऱ्यालाच आपली मागणी नीट ठाऊक नसली म्हणजे देणाऱ्याचे चांगलेच फावते. म्हणून आम्ही पत्र बाजूला ठेवले आणि विषयाच्या मुळाशी जावयाचे ठरविले. त्या खटाटोपात जे कळले ते आज आपणापुढे मांडीत आहोत. आपल्यापैकी पुष्कळांचा पाण्याखाली जाण्याशी संबंध नाही, हे आम्ही जाणतो. पण हल्ली आपल्याच घरची मुले सुट्टीत मालवणला जातात, अंदमानला जातात, आणि तोंडात नळी धरून समुद्रात उतरतात. तारकर्लीला तर महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने स्कूबाचे शिक्षण देणारी संस्थाच काढलेली आहे. तेव्हा हा विषय आता केवळ गोदीचा राहिलेला नाही.

प्रथम थोडे गणित पाहू. घाबरू नका, हे चौथीच्या पुस्तकातले आहे.

जमिनीवर आपल्या अंगावर हवेचा जो दाब असतो, त्याला आपण एक पट म्हणू. पाण्यात उतरताना दर १० मीटरला तेवढाच एकेक दाब वाढत जातो. १० मीटरवर दुप्पट, २० मीटरवर तिप्पट, ३० मीटरवर चौपट. रॉबर्ट बॉइल या शास्त्रज्ञाने १६६२ साली नियम सांगून ठेवला आहे की, दाब दुप्पट केला की हवेचे आकारमान निम्मे होते. पाण्याखालच्या माणसाला भोवतालच्या दाबाइतक्याच दाबाची हवा लागते, नाही तर छाती फुगणारच नाही. म्हणजे ३० मीटर खोलीवर त्याच्या प्रत्येक श्वासात वरच्या चार श्वासांची हवा खर्च होते.

साधारण टाकी १२ लिटर मापाची धरू. तिच्यात २०० बार दाबाने हवा भरली म्हणजे बाहेरच्या मापाने २४०० लिटर हवा झाली. शांतपणे श्वास घेणारा माणूस मिनिटाला सुमारे २० लिटर हवा घेतो असे धरले, तर जमिनीवर ही टाकी दोन तास चालेल. ३० मीटरवर तीच अर्ध्या तासात रिकामी होईल. आणि माणूस भ्याला, की श्वास दुप्पट होतो, कधी त्याहूनही अधिक. मग उरली पंधरा मिनिटे. भीतीचा खर्च हिशेबात धरावा लागतो, ही गोष्ट श्रीमंत माणसाला सांगावी लागते. गरिबाला ती ठाऊक असते.

१९४३ साली फ्रान्समध्ये जॅक कुस्तो हा आरमारी अधिकारी आणि एमिल गान्यां हा अभियंता या दोघांनी, श्वास ओढला की नेमकी हवी तेवढी आणि हव्या त्या दाबाची हवा देणारे यंत्र पाण्याखाली चालवून दाखविले. यालाच आज रेग्युलेटर म्हणतात. तिथून पुढे पाणबुड्या वरच्या नळीपासून मोकळा झाला. पण मोकळा झाला म्हणजे आपल्या शिदोरीवर एकटा राहिला. शिदोरी संपली आहे हे त्याला कळावे कसे?

त्या काळी टाकीत किती हवा उरली हे दाखविणारे गेज पाण्याखाली सर्रास नसे. म्हणून एक युक्ती निघाली. टाकीच्या तोंडाशी स्प्रिंगची झडप बसवीत. हवा २० ते ३५ बारच्या आसपास आली की झडप वाट अडवी, श्वास जड होई. मग पाणबुड्याने कमरेजवळची सळई खाली ओढावयाची. झडप उघडे आणि मागे राहिलेली हवा मिळे. ती घेऊन वर यावयाचे. कल्पना चांगलीच होती. पण सळई दोराला किंवा खडकाला लागून आधीच खाली ओढली गेली, तर राखीव हवा राखीव राहत नसे. ती नकळत रोजच्या खर्चात जाई. आणि मग श्वास जड झाला म्हणून माणूस सळई ओढी, तो ती आधीच ओढलेली!

येथे पहिला धडा मिळतो. एकाच टाकीतील हवेचे दोन वाटे केले तरी टाकी एकच असते. तिची तोटी बिघडली, नळी फुटली, की दोन्ही वाटे एकदम जातात. संसारी माणूसही हे जाणतो. भाजीचे पैसे आणि औषधाचे पैसे एकाच पाकिटात दोन पुड्या करून ठेवले, तर पाकीटमार पुड्या मोजीत बसत नाही.

पुढे, विशेषतः १९७० नंतर, गेज सर्वत्र आले आणि सळई मागे पडली. तिच्याबरोबर दुसरी एक सोय रूढ झाली. तिला पाणबुडे ऑक्टोपस म्हणतात. मुख्य यंत्राला आणखी एक नळी जोडावयाची, तिच्या टोकाला तोंडात धरण्याचा दुसरा भाग, बहुधा पिवळ्या रंगाचा. आपल्या जोडीदाराची हवा संपली तर त्याने तो घ्यावा, अशी योजना. आज हौशी पाणबुड्यांच्या अंगावर हाच प्रकार सर्वत्र दिसतो, आणि स्वच्छ पाण्यात, उथळ जागी, दोघे हाताच्या अंतरावर पोहत असतील तर तो उत्तम आहे. पण त्याच्या पोटात तीन गृहीते आहेत. जोडीदार जवळ असला पाहिजे. तो दिसला पाहिजे. आणि त्याच्या टाकीत दोघांना वर नेण्याइतकी हवा असली पाहिजे. आमच्या बंदरातील पाण्यात उतरा. डोळ्यांसमोर धरलेला आपलाच हात दिसत नाही, एवढा गाळ. तेथे जोडीदार जहाजाच्या पलीकडच्या अंगाला असतो. आमच्या ठेकेदाराने पहिल्या बैठकीत आम्हांला विचारले होते, "माणसे दोन उतरतात. मग दुसऱ्याची टाकी ही राखीव नव्हे काय?" आम्ही म्हटले, "साहेब, शेजाऱ्याच्या घरातील धान्य हे आमचे राखीव धान्य आहे, असे आम्ही समजू लागलो तर शेजारी काय म्हणेल?"

तेव्हा स्वतंत्र हवा पाहिजे. वेगळी बाटली, तिची वेगळी तोटी, वेगळा रेग्युलेटर, वेगळे गेज. हे ठरले की प्रश्न उरतो तो आकाराचा आणि जागेचा.

आकारात सर्वांत लहान अशी हातात मावणारी बाटली मिळते. तिच्या माथ्यावरच तोंडात धरावयाचा भाग असतो. खिशात बसते, वजन नाही, नळी नाही. दुकानात ती फार आवडते. तिच्या मोठ्या प्रकारात सुमारे ८५ लिटर हवा मावते. आता हिशेब करा. ३० मीटरवर भ्यालेला माणूस मिनिटाला १६० लिटर ओढतो. ८५ लिटर त्याला अर्धे मिनिट पुरेल. तेवढ्यात तो वर येणार कसा? १० मीटरच्या आत असणाऱ्याला ती उपयोगी पडू शकेल. पण खोलीवर जाणाऱ्याने तिच्यावर भिस्त ठेवणे म्हणजे वणव्यावर तांब्याभर पाणी नेणे होय.

त्याहून मोठी ती पोनी. पोनी म्हणजे तट्टू. मोठ्या घोड्याच्या बाजूला धावणारे तट्टू असावे तशी मोठ्या टाकीच्या बाजूला बांधलेली ही २ किंवा ३ लिटरची बाटली. काही जण ६ लिटरचीही नेतात. ३ लिटरच्या बाटलीत २०० बारने ६०० लिटर हवा येते. ती पुरेल का? पुन्हा हिशेब. ३० मीटरवर संकट आले. काय झाले हे उमगून बाटली तोंडात घेण्यात एक मिनिट गेले, तर १६० लिटर. मग मिनिटाला ९ मीटर या बेताच्या वेगाने वर यावयाचे. त्याला सव्वातीन मिनिटांहून थोडा अधिक वेळ लागतो आणि सरासरी अडीच पट दाबाने ३३३ लिटर हवा लागते. वाटेत ५ मीटरवर तीन मिनिटे थांबण्याची पद्धत आहे, म्हणजे अंगात मुरलेला नायट्रोजन सावकाश बाहेर पडतो. त्याला १८० लिटर. एकूण झाले ६७३. ३ लिटरची बाटली माणसाला वर आणील, पण शेवटचा थांबा पुरता होऊ देणार नाही. ज्याला तो थांबा टाळून चालण्यासारखे आहे त्याचे निभावेल. ज्याने खाली इतका वेळ घालविला आहे की थांबल्यावाचून वर येणेच धोक्याचे, त्याला ती बाटली अपुरी. त्याने मोठी घ्यावी.

आमच्या माणसांचा हिशेब वेगळा निघाला. ते १२ मीटरवर काम करतात. दाब सव्वादोन पटीच्या आतच. पण त्यांचे संकट वेगळे. ते दोरात अडकतात. सुटण्यास तीन मिनिटे धरली तर २६४ लिटर, वर येण्यास ८५, म्हणजे सुमारे ३५०. २ लिटरच्या बाटलीत ४०० लिटर असते, तेही ती काठोकाठ भरलेली असली तर. ३ लिटरच्या बाटलीत ६०० असते, आणि ती १५० बारवर आलेली असली तरी ४५० उरते. आम्ही पत्रात ३ लिटर लिहिले. खोली कमी म्हणून बाटलीही लहान, असे म्हणणारे हिशेबात अडकण्याचा वेळ धरीत नाहीत.

आता मुख्य प्रश्न, बांधावी कोठे?

पहिली जागा पाठीवर, मोठ्या टाकीला पट्ट्याने जखडून. जुन्या पाणबुड्यांचा ओढा हिच्याकडे. पुढचे अंग मोकळे राहते, हात चालतात, बोटीवर चढता-उतरता येते. पण या जागेची खोट अशी की, पाठीवरची तोटी माणसाला दिसत नाही आणि सहसा पोहोचतही नाही. ती बंद ठेवून उतरावे तर संकटात उघडणार कोण? उघडी ठेवून उतरावे तर बारीक गळती लागलेली कळणार कशी? गेजही मागे. शिवाय तोंडात धरावयाचे दोन भाग सारखेच दिसतात. माणूस गडबडीत पोनीचाच भाग तोंडात धरून उतरतो, राखीव हवा आधी संपवितो, आणि श्वास तुटला की त्याला वाटते, मुख्य टाकीच रिकामी झाली. म्हणून नळ्यांचे रंग वेगळे ठेवण्याची चाल आहे. आणखी एक अडचण म्हणजे, दुसऱ्याला ती बाटली देता येत नाही.

दुसरी जागा पुढे, डाव्या अंगाला. बाटलीच्या गळ्याला एक हूक, बुडाशी एक हूक. वरचा हूक छातीच्या कडीत, खालचा कमरेच्या कडीत. तोटी हाताशी, गेज डोळ्यांपुढे, नळी बाटलीवरच्या रबरी पट्ट्यांत नीट दुमडलेली. जोडीदाराला हवी असेल तर सोडवून देता येते. फारच अडली तर टाकूनही देता येते. खोलवर जाणारे अनुभवी लोक याच रीतीने जादा टाक्या नेतात. हिची खोट म्हणजे एका बाजूस वजन येते, ते शिशाच्या वजनांची जागा बदलून सावरावे लागते. आणि बाटली लोंबती राहिली तर प्रवाहात आपटते, दोराला अडकते.

तिसरी रीत जुळ्या टाक्यांची. पाठीवर दोन सारख्या टाक्या, दोहोंना जोडणारी आडवी नळी, तिच्या मध्यावर एक तोटी. एका बाजूस बिघाड झाला की मधली तोटी बंद करून दुसरी बाजू वाचवावयाची. चौथी रीत इंग्लंड-वेल्समधील गुहांतून आली. तेथील पाणी भरलेल्या भुयारांत पाठीवर टाकी घेऊन शिरताच येत नाही, म्हणून लोकांनी टाक्या दोन्ही कुशींना लावल्या. दोन्ही तोट्या डोळ्यांपुढे, दोन्ही रेग्युलेटर स्वतंत्र. पण या दोन्ही रीतींना शिक्षण हवे, सराव हवा आणि पैसा हवा.

गुहेत जाणाऱ्यांचा आणखी एक नियम आम्हांला फार पटला. फ्लोरिडातील शेक एक्सली या पाणबुड्याने १९७९ साली त्यावर पुस्तक लिहून त्याचा पुष्कळ प्रसार केला. हवेचा एक तृतीयांश भाग जाण्यासाठी, एक तृतीयांश परत येण्यासाठी, आणि एक तृतीयांश कशाचसाठी नाही. तो शेवटचा वाटा आपला आहे असे समजावयाचेच नाही. तो संकटाचा आहे. आमच्या संघटनेचा संपनिधी आम्ही याच भावनेने सांभाळतो, म्हणून असेल, हा नियम आम्हांला एका वाचनात पाठ झाला.

आमच्या सभासदांत पाठीवर की पुढे, यावर वाद माजला. वडीलधारे म्हणाले, पंख्याला मिठी मारून काम करावे लागते, पुढे बाटली चालणार नाही. तरुण म्हणाले, पाठीवरच्या बाटलीला हात कोणाचा पोहोचतो ते दाखवा. आम्ही मतदान घेतले नाही. काही प्रश्न मताने सुटत नाहीत, करून पाहण्याने सुटतात. धक्क्याच्या पायऱ्यांशी छातीभर पाण्यात परीक्षा घेतली. चष्म्याच्या काचेवर काळा कागद, हातात कामाचे जाड मोजे, एक हात दोराने बांधलेला, आणि शेजारी दोन माणसे राखणीला. दुसऱ्या हाताने राखीव नळी शोधून तोंडात घ्यावयाची आणि तोटी उघडावयाची. पाठीवरच्या बाटलीची नळी काहींना सापडली, पण बंद तोटी एकालाही उघडता आली नाही. पुढच्या बाटलीची तोटी सर्वांना उघडता आली, पण वडीलधाऱ्यांचेही खरे ठरले. बाटली मध्ये येत होती. तेव्हा त्यांच्यातल्याच एकाने हूक आखूड करून बाटली काखेखाली, बरगडीला घट्ट चिकटून बसविली. तोंडात धरावयाचा भाग रबरी दोरीने हनुवटीखाली गळ्यात. तोटी अशी की डावा हात अडकला तर उजवा पोहोचतो, उजवा अडकला तर डावा. वाद तेथे संपला.

तोटी उघडी की बंद, यावरही बोलणे झाले. ठरले ते असे : वर असतानाच उघडावयाची, नळी हवेने भरू द्यावयाची, गेज मोठ्याने वाचावयाचे, आणि मग बंद करावयाची. म्हणजे गळती नाही, नकळत खर्च नाही. संकटात भरलेल्या नळीतील हवा आधी तोंडी येते, आणि तेवढ्यात हात तोटी फिरवितो. हे ज्याला जमते त्यानेच बंद ठेवावी. ज्याची तोटी हाताच्या पल्ल्याबाहेर आहे, त्याला ही रीत जीवघेणी आहे.

हे आमचेच डोके आहे असे नाही. अमेरिकेत कामावर जाणाऱ्या पाणबुड्यांसाठी १९७७ साली नियम झाले. त्यांत स्कूबा घेऊन उतरणाऱ्या प्रत्येक पाणबुड्याच्या अंगावर राखीव हवा असलीच पाहिजे, आणि उतरण्यापूर्वी तिची तोटी बंद असली पाहिजे, असे कलम आहे. हे नियम मागितले कोणी, हे वाचून आम्ही खुर्चीत ताठ बसलो. मागितले सुतारांच्या संघटनेने! तेथे पाण्यात खांब ठोकणारे कामगार आणि पाणबुडे सुतारांच्या मोठ्या संघटनेत असतात. त्या संघटनेने १९७५ साली सरकारकडे अर्ज केला. १९७६ साली सरकारने तातडीचे तात्पुरते नियम काढले. बुडीच्या धंद्यातील मालक कोर्टात गेले आणि कोर्टाने त्या नियमांना स्थगिती दिली. मग रीतसर चौकशी, सुनावण्या होऊन १९७७ साली पक्के नियम आले. राखीव बाटलीच्या त्या एका वाक्यामागे दोन वर्षांची झटापट आहे. कायद्याचे पुस्तक वाचताना वाक्यामागची माणसे दिसत नाहीत. म्हणून आम्ही ती मुद्दाम सांगतो.

राखीव हवेने सारे भागते काय? नाही. १८ सप्टेंबर २०१२ रोजी उत्तर समुद्रात सुमारे ९० मीटर खोलीवर ख्रिस लेमन्स नावाचा पाणबुड्या काम करीत होता. वरच्या जहाजाची जागेवर स्थिर राहण्याची यंत्रणा बिघडली, जहाज वाहवले, आणि त्याला हवा, ऊब व उजेड पुरविणारी नळी अडकून तुटली. पाठीवरची राखीव हवा त्या खोलीवर काही मिनिटांचीच होती. तो सापडला अर्ध्या तासाहून अधिक वेळाने, आणि तरीही जगला. थंड पाणी आणि अंगात आधीच मुरलेला प्राणवायू यांनी त्याला तारले असावे, असे सांगतात. पण काही मिनिटांची ती हवा होती म्हणूनच त्याला पुन्हा कामाच्या जागेवर येऊन, साथीदार शोधतील अशा ठिकाणी पडून राहता आले. राखीव हवा माणसाला वाचवीलच असे नाही. ती त्याला वेळ देते. त्या वेळात काय करावयाचे हे आधी ठरलेले असले, तर तो वाचतो.

आणि २०१८ सालची थायलंडमधील थाम लुआंग गुहा आपणांस आठवत असेल. २३ जून रोजी बारा मुले व त्यांचा प्रशिक्षक पाण्याने कोंडले गेले. सुटकेची वाट इतकी लांब होती की एका माणसाच्या अंगावर पुरेशी हवा मावणे शक्य नव्हते. म्हणून वाटेवर जागोजाग टाक्या नेऊन ठेवल्या. टाक्या ठेवून परत येताना ६ जुलै रोजी समन कुनान हा थाई आरमारातील माजी पाणबुड्या बेशुद्ध पडला व मरण पावला. १० जुलैपर्यंत तेराही जण बाहेर आले. दुसऱ्यांची राखीव हवा वाहून नेणाऱ्याचे नाव आम्ही आमच्या माणसांना आवर्जून सांगतो.

आमच्या पत्राचे काय झाले, असे आपण विचाराल. पत्रात पाच मागण्या होत्या : ३ लिटरची बाटली प्रत्येकाला स्वतंत्र, तिला स्वतःचा रेग्युलेटर व गेज, ठराविक मुदतीने टाकीची दाबचाचणी, महिन्यातून एकदा पगारी वेळेत सराव, आणि बाटली न भरता उतरावयास सांगितले तर नकार देण्याचा अधिकार. ठेकेदाराने पहिल्या दोन मान्य केल्या. बाटली दिसते, तिचा फोटो काढता येतो. चाचणीसाठी आणखी तीन बैठका लागल्या. सरावाचा वेळ अर्धा मिळाला. नकाराचा अधिकार कागदावर अजून आलेला नाही. परंतु आमची माणसे तो आता वापरतात, कारण गेज मोठ्याने वाचावयाचे असते आणि आकडा धक्क्यावरच्या सर्वांना ऐकू येतो. सर्वांनी ऐकलेला आकडा दाबणे कठीण जाते.

आता ज्यांची मुले सुट्टीत समुद्रात उतरणार आहेत, त्यांच्यासाठी थोडे. मुलाला सांगा, उतरण्यापूर्वी शिक्षकाला तीन गोष्टी विचार. माझी हवा बंद पडली तर दुसरी कोठे आहे? तिला माझा हात लागतो का, मला एकदा लावून पाहू द्या. आणि ती आज कोणी तपासली? चांगला शिक्षक या प्रश्नांनी रागावत नाही. तो आनंदाने दाखवितो. जो "काही होत नाही हो" म्हणून हसतो, त्याच्याबरोबर पाण्यात न उतरलेले बरे. आणखी एक, वर येताना श्वास कधीही कोंडू नये. खालची हवा वर येताना फुगते. कोंडलेला श्वास थोड्या मीटरांतही फुप्फुस फाडू शकतो. ही सूचना कोणत्याही बाटलीपेक्षा मोलाची आहे.

बंधुभगिनींनो, आम्ही एवढ्या खटाटोपातून एकच गोष्ट शिकलो. राखीव म्हणून जे ठेवतो ते मालकीचे असून भागत नाही. ते पुरेसे असले पाहिजे आणि अंधारात, एका हाताने, भ्यालेल्या माणसाला सापडले पाहिजे. कपाटात ठेवलेली, कागदावर मांडलेली, किंवा पाठीवर हाताच्या पल्ल्याबाहेर बांधलेली हवा ही हिशेबापुरती हवा. आणि ती कोठे बांधावी हे ठरविण्याचा पहिला मान, जो खाली उतरणार त्याचा. वर खुर्चीवर बसलेल्याने, मग तो ठेकेदार असो की आमच्यासारखा संघटनेचा कार्यकर्ता, त्याला आधी विचारावे, आणि मग पत्र लिहावे.